नांगर, पंप आणि इंजिन : किर्लोस्करवाडीची वाटचाल

औंध संस्थान लहान, बहात्तर गावांचे, आणि तेही एकसंध नाही. राजधानीचे औंध खटावच्या पठारावर, आटपाडी माणदेशात, कुंडल कृष्णाखोऱ्यात आणि गुणदाळ पार विजापूरकडे. एका तुकड्यातून दुसऱ्यात जायचे तर मध्ये इंग्रजांचा सातारा जिल्हा ओलांडावा लागे. संस्थानाचा मोठा भाग कमी पावसाचा. या चार तुकड्यांपैकी फक्त कुंडलजवळून आगगाडी जात होती, आणि त्या कुंडल रोड स्टेशनाशेजारच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर १० मार्च १९१० रोजी किर्लोस्कर बंधूंचा कारखाना येऊन उतरला. पुढे स्टेशनलाही किर्लोस्करवाडी हेच नाव मिळाले.

या कारखान्याने शतकभरात अनेक वस्तू केल्या. त्यांतल्या तीन वस्तूंनी त्याला आकार दिला: नांगर, पंप आणि इंजिन. एकीकडून दुसरीकडे जाताना दरवेळी चालू धंदा मागे सारून नव्यात पाय रोवावे लागले. या लेखात मुख्यतः त्या स्थित्यंतरांचाच इतिहास आहे.

बेळगावचे दिवस

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले, पण काही रंगांतला फरक डोळ्यांना कळत नाही असे लक्षात आले. रंग सोडून ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि भायखळ्याच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. बढतीच्या वेळी त्यांना डावलण्यात आले, तेव्हा १८९७ मध्ये त्यांनी नोकरी सोडली.

बेळगावात थोरले बंधू रामूअण्णा यांच्यासह सायकलींचा धंदा आधीच चालू होता. फर्मचा जन्म १८८८ चा मानला जातो. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवत आणि रामूअण्णा त्या विकत. गिऱ्हाइकाला चालवायलाही तेच शिकवत. वस्तू विकायची आणि ती वापरायचे शिक्षणही द्यायचे, ही सवय त्या दुकानात लागली आणि संस्थेच्या पुढच्या प्रत्येक वळणावर कामी आली. ते दुकान ज्या भागात होते तिथल्या रस्त्याला बेळगावात आजही किर्लोस्कर रोड म्हणतात.

सायकलींच्या जोडीला कडबा कापायचे यंत्र आले आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. तो काळ लाकडी नांगराचा. गावचा सुतार तो घडवी, लोहार फाळ शेवटी आणि दोघांची मजुरी बलुत्यात जाई. लोखंडाने जमिनीत विष भिनते, पीक जळते, असा समज पक्का होता. पहिले नांगर तयार होऊनही बरेच दिवस गिऱ्हाईक मिळेना. लक्ष्मणरावांनी या नकाराकडे अडाणीपणा म्हणून पाहिले नाही. नांगर शेतात नेऊन चालवून दाखवणे, शेतकरी काय म्हणतो ते ऐकणे आणि त्याप्रमाणे साचा बदलणे हा त्यांचा क्रम होता. विलायती नांगराच्या तोडीचे लोखंड, पण झिजलेला भाग शेतकऱ्याला स्वतःला काढून बदलता येईल अशी जोडणी, यावर त्यांनी भर दिला. सुटा भाग मोडला म्हणून नांगर बांधावर पडून राहिला, तर पुढचा नांगर खपणार नाही, हे त्यांनी ओळखले होते.

धंदा रुळतो न रुळतो तोच बेळगाव नगरपालिकेने गावाच्या विस्तारासाठी कारखान्याची जागा घेतली. बिऱ्हाड हलवणे भाग पडले.

निवडुंगाच्या माळावर

औंधच्या गादीवर १९०९ मध्ये भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी आले. ते स्वतः चित्रकार. औंधच्या देवीच्या सभामंडपाच्या कामानिमित्त लक्ष्मणरावांचा त्यांच्याशी परिचय होता. एक चित्रकार गादीवर आणि दुसरा रंग सोडून लोखंडात शिरलेला, अशा या दोघांचे जमले. पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनाजवळ ३२ एकर माळ दिला आणि दहा हजार रुपये बिनव्याजी.

माळावर निवडुंग आणि साप यांखेरीज काही नव्हते. निवडुंग तोडून जागा मोकळी केली, शेड उभ्या राहिल्या, कामगारांसाठी घरे झाली. रामूअण्णांनी वसाहतीचा संसार सांभाळला. शंभूराव जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर यांच्यासारखी माणसे पडेल ते काम अंगावर घेत गेली. गुन्हेगार म्हणून शिक्का बसलेल्यांनाही इथे राखणीची जबाबदारी देण्यात आली आणि त्यांनी ती पाळली. वसाहतीत शिवाशिवीला थारा नव्हता.

जागेची निवड रेल्वेने ठरवली होती. पुणे-मिरज मार्ग तेव्हा मीटरगेज होता. कच्चे लोखंड आणि कोळसा त्याच रुळांवरून येत आणि नांगर त्याच रुळांवरून बाहेर जात. माणदेशात मात्र रूळ नव्हते. आटपाडी, म्हसवड, दहिवडीकडे जाणारा माल स्टेशनवरून बैलगाडीत चढे आणि घाट, माळ, ओढे पार करत मुक्कामाला पोहोचे. म्हणून बैलगाडीत बसेल आणि उतरवल्यावर गावातच जोडता येईल, अशाच यंत्राला तिकडे वाट होती.

पहिल्या महायुद्धात विलायती नांगरांची आयात आटली आणि किर्लोस्कर नांगराची मागणी एकदम वाढली. पण त्याच युद्धाने लोखंड आणि कोळसाही दुर्मीळ केला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवायला दिल्या आणि त्यांतून नांगर झाले, ही हकिकत संस्थेत आजही अभिमानाने सांगतात. १९२० मध्ये फर्मचे रूपांतर किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेडमध्ये झाले. त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली ‘किर्लोस्कर खबर’ सुरू झाले. मालाची माहिती देणारे ते पत्रक पुढे मराठीतले एक प्रभावी मासिक बनले आणि त्यामागून ‘स्त्री’ व ‘मनोहर’ ही मासिके निघाली. सायकल विकताना ती चालवायला शिकवणाऱ्या दुकानाने आता शिकवण्यासाठी छापखाना घातला होता.

वाफ की तेल?

नांगराने जमीन उलटली, पण पाणी बैलच ओढत होते. मोटेची चाकोरी सगळ्यांना ठाऊक होती: धावेवरून बैल उतरायचे, नाडा ताणायचा, मोट वर यायची, थारोळ्यात ओतायची आणि बैल पुन्हा मागे. चांगल्या बैलजोडीची ताकद ढोबळमानाने एक अश्वशक्ती. तीही दिवसभर सलग नाही. बैलाला विसावा लागतो आणि वैरणही. माणदेशात दुष्काळ पडला की आधी वैरण जाते, मग बैल आणि मग मोट. पाण्याची सर्वांत जास्त गरज असते तेव्हाच ते उपसणारी शक्ती संपते.

बैलाच्या जागी यंत्र आणायचे तर कोणते? जगाच्या दृष्टीने एकोणिसावे शतक वाफेचे होते. मुंबईच्या गिरण्या आणि आगगाड्या वाफेवर चालत होत्या. मोटारींतही सुरुवातीला वाफ मागे नव्हती. अमेरिकेत क्लीव्हलंडची व्हाइट ही कंपनी मूळची शिवणयंत्रांची. मालकाचा मुलगा रॉलिन व्हाइट याने झटपट वाफ धरणारा बॉयलर रचला आणि १९०० पासून कंपनीने वाफेच्या मोटारी बांधल्या. १९०६ मध्ये मोटारींची वेगळी कंपनी झाली आणि १९०९ मध्ये राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांच्या दिमतीला व्हाइटची वाफेची गाडी होती. याच सुमारास, धंदा जोरात असतानाच, व्हाइटने गॅसोलिन इंजिनाची, म्हणजे आपल्याकडच्या पेट्रोलची, गाडी काढली आणि १९११ पर्यंत वाफेची गाडी बंद केली. पुढे ती कंपनी मालमोटारींसाठी नावाजली. स्टॅन्ली या जुळ्या भावांच्या कंपनीने मात्र वाफ सोडली नाही. त्यांच्या गाडीने १९०६ मध्ये ताशी दोनशे किलोमीटरच्या वर वेग गाठून विक्रम केला होता. तरी १९२४ मध्ये ती कंपनी मिटली.

वाफ कमजोर नव्हती. वाफेची गाडी शांत चाले, गिअर बदलावे लागत नसत आणि चढावर ती दमदार ओढी. तिचा खोडा मालकाच्या रोजच्या कामात होता. निघण्याआधी बॉयलर तापवून वाफ धरायची, पाण्याची पातळी पाहत राहायचे आणि थोड्या थोड्या मैलांवर टाकी भरायची. स्टॅन्लीवाले वाटेतल्या घोड्यांच्या हौदांतून पाणी घेत. १९१४ मध्ये जनावरांत लाळ-खुरकताची साथ पसरली, न्यू इंग्लंडमधले हौद बंद झाले आणि गाड्यांची पंचाईत झाली. वाफ परत पाण्यात आणणारा कंडेन्सर त्यांनी बसवला तो त्यानंतर. तोवर पेट्रोल गाडीला विजेवर चालू होणारा स्टार्टर मिळाला होता, आणि हँडल मारायचे कष्टही संपले होते.

माणच्या विहिरीवर हा हिशेब अधिकच कडक लागू होतो. बॉयलरला स्वच्छ पाणी हवे, सतत जळण हवे, वाफ धरेपर्यंत थांबायला वेळ हवा आणि शेजारी जाणकार माणूस हवा. १९२३ च्या बॉयलर कायद्याने नोंदणी आणि तपासणी आली. जिथे पाणी आणि सरपण या दोन्हींची टंचाई, तिथे पाणी काढण्यासाठी पाणी आणि सरपण जाळणारे यंत्र कोण घेणार? तेलाचे इंजिन एका माणसाने चालू होते, तेल डब्यातून आणता येते आणि काम संपले की ते बंद करून माणूस घरी जाऊ शकतो. म्हणूनच या भागातली शेती बैलांवरून थेट तेलाच्या इंजिनावर आली. वाफेचा टप्पा तिने बहुतांशी गाळलाच.

पंप आधी, इंजिन नंतर

लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव १९२६ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीची यांत्रिक अभियांत्रिकीची पदवी घेऊन परतले. त्याच सुमारास किर्लोस्करवाडीत सेंट्रीफ्यूगल पंपाचे काम सुरू झाले. फिरणाऱ्या पंख्याने पाणी बाहेर फेकायचे हे त्याचे तत्त्व सोपे आहे, पण पंख्याचा बाक, आवरणाची पोकळी आणि गळती रोखणारे पॅकिंग यांत कारखान्याची परीक्षा होते. सुदैवाने या कामाचा पाया आधीच घातलेला होता: ओतकामाचा हात. नांगरासाठी साचे बनवणाऱ्या आणि लोखंड ओतणाऱ्या कारागिरांनीच पंपाची आवरणे ओतायला घेतली. नव्या मालासाठी नवा कारखाना काढावा लागला नाही. जुन्या भट्टीतून नवी वस्तू निघाली.

तिशीतल्या जागतिक मंदीने शेतमालाचे भाव पाडले आणि नांगराचा खप बसला. कारखान्याने लोखंडी फर्निचरसारखी कामे घेऊन भट्ट्या चालू ठेवल्या. एकाच वस्तूवर विसंबण्याचा धोका त्या वर्षांनी दाखवून दिला.

त्याच दशकात साताऱ्याजवळ, पाडळी येथे म्हणजे सातारा रोडला, धनजीशाह कूपर यांचा कारखाना होता. तिथेही सुरुवात नांगरांनीच झाली होती, आणि तिथे तयार झालेले डिझेल इंजिन देशातल्या पहिल्या इंजिनांत गणले जाते. कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधानही होते. हा कारखाना पुढे वालचंद समूहाकडे गेला. एकाच मुलखातले दोन कारखाने नांगराकडून इंजिनाकडे निघाले, हा योगायोग म्हणता येणार नाही. जमीन तीच, गिऱ्हाईक तेच आणि त्याची अडचणही तीच.

किर्लोस्करांनी पुढचे टप्पे वेगवेगळ्या ठिकाणी मांडले. १९४१ मध्ये हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर ही यंत्रे बनवण्याची यंत्रे, म्हणजे लेथ, तयार करणारी कंपनी निघाली. १९४६ मध्ये बंगळूरला विजेच्या मोटारींसाठी किर्लोस्कर इलेक्ट्रिक आणि पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑईल इंजिन्स यांची स्थापना झाली. डिझेल इंजिनातल्या इंधन पंपाची आणि नोझलची सफाई ओतकामाच्या पलीकडची आहे. तिथे मापात केसाचाही फरक चालत नाही. त्यासाठी ब्रिटिश कंपनीचे साहाय्य घेतले गेले आणि काम पुण्यात नेले गेले. किर्लोस्करवाडीने पंप हाती ठेवला. पंप वाडीत आणि इंजिन खडकीत, ही वाटणी पुढे टिकली.

याच काळात संस्थानचा काळही बदलत होता. १९३९ मध्ये औंधने प्रजेला स्वराज्याची घटना दिली. १९४२ नंतर कुंडल परिसर प्रतिसरकारच्या चळवळीने पेटला. गांधीहत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीची झळ १९४८ मध्ये कारखान्याला बसली. त्याच वर्षी ८ मार्चला औंध संस्थान विलीन झाले, १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली. कारखाना एका राज्यातून दुसऱ्यात गेला, पण जागचा हलला नाही.

इंजिन विहिरीत उतरते

स्वातंत्र्यानंतरच्या दोन दशकांत डिझेल इंजिन गावोगाव पोहोचले. पाच अश्वशक्तीचे एक सिलिंडरचे इंजिन, पट्टा किंवा कपलिंग आणि त्यावर पंप, ही जोडी शेतकऱ्याच्या ओळखीची झाली. पाच बैलजोड्यांचे काम वैरणीशिवाय. गुऱ्हाळाचा चरखा, कडबा कुट्टी, पिठाची गिरणी यांनाही तेच इंजिन चाले.

माणदेशात या जोडीने एक जुनी अडचण पुढे आणली. सेंट्रीफ्यूगल पंप पाणी खालून ओढतो तो हवेच्या दाबामुळे. गणिताने ही मर्यादा १०.३ मीटर, प्रत्यक्षात सहा-सात मीटरच्या वर ओढ बसत नाही आणि पठारावर ती आणखी थोडी कमी. माणच्या विहिरी उन्हाळ्यात त्याहून खोल जातात. मग काठावरचे इंजिन विहिरीत उतरवावे लागे. आत कपार खोदायची, तुळया टाकायच्या आणि साखळदंड लावून दहा माणसांनी यंत्र खाली सोडायचे. पावसाळ्यात पाणी चढायच्या आत ते वर काढायचे. फूटव्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला की पंप पाणी सोडे आणि पुन्हा बादलीने भरावा लागे. या सगळ्या दुरुस्त्या गावातलाच कोणी पोरगा हात काळे करून शिकला. तालुक्याच्या बाजारपेठांत नोझल, रिंग, वॉशर विकणारी दुकाने निघाली. नांगराच्या वेळी सुट्या भागांचा जो धडा घेतला होता, तो इथे फळाला आला.

दुसरी गोष्ट कारखान्याच्या हातातली नव्हती. मोट हळू चालते. ती उपसत असताना झऱ्यांना विहीर भरायला सवड मिळते. इंजिन दोन-तीन तासांत तळ दाखवते आणि मग पुढच्या पाळीपर्यंत वाट पाहावी लागते. पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा पाऊस पडणाऱ्या मुलखात यंत्राने पाणी वाढवले नाही. ते लवकर वर आणले. म्हणून विहिरी खोल गेल्या, आडवी बोअर मारली गेली. १९७२ च्या दुष्काळाने या शर्यतीची किंमत सर्वांसमोर मांडली. पंप बनवणाऱ्या संस्थेच्या इतिहासात ही बाजूही नोंदवली पाहिजे.

वीज, आणि पुढे

साठच्या दशकात कोयनेची वीज आली आणि खेड्यांकडे तारा निघाल्या. इंजिनाच्या जागी मोटार बसली आणि नंतर पाणबुडी पंप थेट पाण्यात उतरला. त्याला ओढीची मर्यादा नाही, कारण तो खालून ढकलतो. तरीही वीज जाते त्या रात्री कोपऱ्यातले जुने इंजिन पुसून चालू करणारे शेतकरी बरीच वर्षे होते. किर्लोस्करवाडीत नांगर मागे पडत गेला आणि पंप हेच मुख्य काम झाले. आता मोठ्या पाटबंधारे आणि पाणीपुरवठा योजनांसाठीचे पंपही कंपनी बनवते. माणदेशाच्या दृष्टीने मोठा बदल झाला तो उपसा योजनांमुळे. टेंभूसारख्या योजनेत कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलून आटपाडीच्या माळापर्यंत नेले जाते. एकेकाळी औंध संस्थानचे कुंडल आणि आटपाडी हे दोन तुटक तुकडे होते. आज खोऱ्यातले पाणी पंपांच्या जोरावर पठारावर चढते.

या सगळ्या वाटचालीतून संस्थेची कसोटी एकच दिसते. यंत्राचा जोर किती, हा प्रश्न तिने दुसरा ठेवला. पहिला प्रश्न असा: हे यंत्र एकट्या शेतकऱ्याला चालवता येईल का, मोडले तर गावात दुरुस्त होईल का, आणि त्याच्या जमिनीत नसलेली गोष्ट ते मागते का? वाफ तिसऱ्या प्रश्नात नापास झाली. नांगर, पंप आणि इंजिन पास झाले.

आता माणच्या शिवारात सौर कृषिपंपांचे पत्रे दिसू लागले आहेत. ते दिवसा, उन्हाच्या जोराप्रमाणे, बेताने पाणी काढतात. कमी झऱ्याच्या विहिरीला ही चाल इंजिनापेक्षा जास्त मानवू शकते. पण इन्व्हर्टर किंवा कंट्रोलर बिघडला तर गावातला कारागीर अजून हतबल असतो. त्याला ते खोलून दुरुस्त करता येईल, त्याच्या बाजारपेठेत त्याचे भाग मिळतील आणि कोणी त्याला ते शिकवेल, तेव्हाच हा बदलही नांगरासारखा पक्का होईल. संस्थेच्या पुढच्या पिढीसमोरचे काम हेच आहे.